नक्कल की गोषवारा?

‘सगळं कन्व्हर्ट करून ठेवलंय, काळजी नको!’ हे वाक्य गोव्यातल्या भजनी मंडळांत, हौशी नाट्यमंडळांत आणि गाण्याची आवड असलेल्या घरांत मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते ऐकलं की काळजी वाटायलाच सुरुवात होते. कशातून कशात कन्व्हर्ट केलं, असं विचारलं की समोरचा माणूस माझ्याकडे विचित्र नजरेने बघतो. ‘म्हणजे काय? कॉम्प्युटरमध्ये!’ आणि मूळ कुठे आहे? ‘ते आता कशाला? जागा खात होतं.’

मंडळी, आज जरा कडू बोलणार आहे. विषय रुक्ष वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. कारण आपल्या आजोबा-पणजोबांचा आवाज पुढच्या पिढीला ऐकू येणार की नाही, हे बऱ्याच अंशी या एका ‘कन्व्हर्ट’ शब्दावर अवलंबून आहे.

मी सरकारी कारकून. कलाशाखेचा पदवीधर, इंजिनियर नव्हे. पण कारकुनाला एक गोष्ट चांगली कळते: नक्कल आणि गोषवारा यातला फरक. नक्कल म्हणजे अस्सल बरहुकूम. अक्षर इकडचं तिकडे नाही, मग ती हाताने लिहा, टंकलिखित करा किंवा झेरॉक्स काढा. कागद बदलतो, मजकूर बदलत नाही. गोषवारा म्हणजे साहेबांना वेळ नसतो म्हणून पंचवीस पानांची केलेली अर्ध्या पानाची टिपणी. ती उपयोगाची असते, रोज लागते. पण त्या अर्ध्या पानावरून पंचवीस पानं परत लिहिता येत नाहीत. मूळ कागद फाडून नुसता गोषवारा नस्तीला लावणाऱ्या कारकुनावर कारवाई होते. ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत नेमकं हेच करणाऱ्याला मात्र आपण शाल-श्रीफळ देतो!

एमपी३ हा गोषवारा आहे. वेव्ह, फ्लॅक, ॲलॅक, वेव्हपॅक, मंकीज ऑडिओ या सगळ्या नकला आहेत. माझं म्हणणं इतकंच आहे: नकलेतून नकलेत खुशाल जा, हवं तितक्या वेळा जा. पण नकलेतून गोषवाऱ्यात गेलात तर मूळ नक्कल जपा. आणि गोषवाऱ्यातून नक्कल ‘तयार’ करण्याचं ढोंग तर करूच नका.

आता हे साधतं कसं? सीडीवरचा आवाज म्हणजे एका सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेलं माप, प्रत्येक माप १६ बिटांचं, आणि डावा-उजवा असे दोन चॅनल. हिशेब केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात, म्हणजे तासाला साधारण ६३५ मेगाबाइट. वेव्ह फाइलमध्ये ही मापं जशीच्या तशी एकाखाली एक लिहिलेली असतात. फ्लॅक काय करतो? आमच्या पगारबिलाचं उदाहरण घ्या. दर महिन्याला प्रत्येकाचा संपूर्ण पगार नव्याने लिहिण्याऐवजी ‘मागील महिन्याप्रमाणे, फरक इतका’ असं लिहिलं तर बिल निम्म्या कागदात मावेल आणि एक पैसाही इकडचा तिकडे होणार नाही. फ्लॅक आधीच्या मापांवरून पुढचं माप काय असेल याचा अंदाज बांधतो आणि अंदाज व प्रत्यक्ष यातला फरक तेवढा लिहून ठेवतो. वाजवताना अंदाज अधिक फरक, की मूळ माप हजर. फाइल बहुधा निम्म्याच्या आसपास येते. ॲलॅकचंही तत्त्व हेच, फक्त लिहिण्याची पद्धत वेगळी.

एमपी३चं तत्त्व पूर्ण वेगळं आहे. माणसाच्या कानाला जे बहुधा ऐकू येणार नाही ते टाकून द्यायचं. ही हुशारी मोठी आहे, मी ती नाकारत नाही. आमच्या कॉलेजच्या दिवसांत एका सीडीवर दीडशे गाणी मावायची ती याच हुशारीमुळे. पण टाकून दिलेलं ते टाकून दिलेलंच. मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं, तरी दर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की त्याचे चौथरे वर येतात आणि माणसं आपलं घर कुठे होतं ते बघायला जातात. एमपी३च्या पाण्याखाली गेलेलं कोणत्याही मे महिन्यात वर येत नाही.

‘पण कुणाला ऐकू येतं ते?’ हा प्रश्न ठरलेला. त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवं. चांगल्या एन्कोडरने केलेला ३२० केबीपीएसचा एमपी३ आणि मूळ सीडी यातला फरक बहुतेकांना बहुतेक वेळा कळत नाही. मला कळतो अशी फुशारकीही मी मारणार नाही. बसमध्ये, स्वयंपाकघरात, फोनवर एमपी३ खुशाल ऐका. पण संग्रह हा नुसता आज ऐकण्यासाठी नसतो. उद्या त्यातली खरखर काढायची असते, पट्टी घसरलेली असेल तर वेग सुधारायचा असतो, दबलेला आवाज वर आणायचा असतो. ज्या गोष्टी ‘ऐकू येणार नाहीत’ म्हणून टाकल्या, त्यांची गरज नेमकी अशा वेळी पडते. आणि प्रत्येक वेळी एमपी३ उघडून, सुधारून, पुन्हा एमपी३ केला की गोषवाऱ्याचा गोषवारा होतो.

त्यातही आपल्या गोव्याचं दुखणं खास आहे. एमपी३ला सगळ्यात जड काय जातं? अचानक पडणारा तीक्ष्ण ठोका आणि झांजेसारखा वरच्या कंपनांचा झणकार. आवाजाचे छोटे छोटे तुकडे पाडून हे काम चालतं, त्यामुळे कमी बिटरेटवर ठोका पडण्याच्या किंचित आधीच त्याची धूळ उडालेली ऐकू येते. १२८ केबीपीएसला बहुतेक एन्कोडर साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापूनच टाकतात. आता सांगा, चवथीला आपल्या घरी काय वाजतं? घुमट, शामेळ आणि झांज! म्हणजे ज्या संगीताचा सगळा जीव ठोक्यात आणि झणकारात आहे, तेच आपण नेमकं या गिरणीत घालतो.

घुमटाची गोष्ट तर आणखी गंभीर. जुन्या घुमटांना घोरपडीचं कातडं असायचं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळालं. ते योग्यच झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आता घुमटाला बकऱ्याचं कातडं लावतात, आणि २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा दर्जाही दिला. पण घोरपडीच्या कातड्याचा तो नाद पुन्हा निर्माण करता येणार नाही, करूही नये. तो फक्त जुन्या टेपांवर आणि कॅसेटींवर उरला आहे. म्हणजे ती ध्वनिमुद्रणं ही आठवण नव्हे, तो आता मूळ दस्तऐवज आहे.

आणि त्या दस्तऐवजाचं आपण काय करतो? आमच्या बाजूच्या एका मंडळाने (नाव घेत नाही, माणसं भली आहेत) जुन्या आरत्यांच्या कॅसेटी चांगल्या डेकवरून वेव्हमध्ये उतरवून घेतल्या होत्या. पुढे कुणा उत्साही कार्यकर्त्याला ते सगळं एका पेनड्राइव्हमध्ये बसवायचं होतं. १२८चा एमपी३ केला, वेव्ह पुसल्या, कॅसेटी भंगारात दिल्या. काही वर्षांनी मंडळाच्या वर्धापनदिनासाठी सीडी काढायची ठरली. झांजेचा कल्लोळ जरा मागे सारून गाणाऱ्यांचा आवाज पुढे आणावा म्हणून जाणकाराकडे गेले. त्याने ऐकलं आणि मूळ मागितलं. मूळ कुठलं? झांज नव्हतीच तिथे, झांजेचा नुसता फुसकारा होता. मी याबद्दल चडफडलो तर एक जण म्हणाला, ‘आसा तें पुरो मरे!’ आहे ते पुरे म्हणणाऱ्या समाजाकडे थोड्या वर्षांनी तेवढंही उरत नाही.

कॅसेटलाच इतकी खरखर, मग तिची काटेकोर नक्कल कशाला, असंही विचारतात. अहो, म्हणूनच! खरखर काढायची तर ती काढणाऱ्याला खरखरीसकट अख्खा आवाज लागतो. एमपी३ त्या खरखरीवरही आपले मोजके बिट खर्च करतो, आणि गाण्याच्या वाट्याला तेवढे कमी येतात. खरखरीचा नीट अंदाज बांधता येत नाही, म्हणून फ्लॅकलाही अशी फाइल फारशी लहान करता येत नाही. पण तो जागा जास्त घेतो, माल टाकत नाही.

आता दुसऱ्या पंथाकडे वळतो. हे लोक पहिल्यांच्या अगदी उलट. यांच्या मते कोणतंही कन्व्हर्जन म्हणजे पाप. ‘वेव्हचा फ्लॅक केला की आवाज पातळ होतो’, ‘फ्लॅकचा ॲलॅक केला की गोडवा जातो’, असं हे छातीठोकपणे सांगतात. या श्रद्धेचं मूळ मला कळतं. आपली पिढी कॅसेटीवरून कॅसेट करत वाढली. तिथे प्रत्येक नकलेत थोडी खरखर वाढायची, थोडा सूर मळायचा. म्हणून ‘प्रत म्हणजे ऱ्हास’ हे डोक्यात पक्कं बसलं. पण ते चुंबकीय फितीचं सत्य होतं, आकड्यांचं नव्हे. ५७२ हा आकडा शंभर वह्यांत उतरवला तरी तो ५७१ होत नाही.

आणि इथे तर पडताळा घेण्याची सोय आहे, श्रद्धेचं कामच नाही. फ्लॅक फाइलच्या डोक्यावर मूळ आवाजाची एक एमडी५ खूण लिहिलेली असते. आमच्या भाषेत, पानाखालची बेरीज. एक बिट जरी हलला तरी ही खूण पार बदलते. फ्लॅकचा ॲलॅक करा, ॲलॅकचा वेव्ह, वेव्हचा पुन्हा फ्लॅक करा, आणि दोन्ही खुणा ताडून पाहा. तीच असेल. फूबार २००० मध्ये दोन फाइलींतला आवाज बिटागणिक ताडून पाहण्याची सोय जोडता येते. हिशेब जुळल्यावरही ज्यांना गोडवा गेल्यासारखा वाटतो, त्यांनी आपला चहा तपासावा.

हा पंथ निरुपद्रवी वाटतो, पण नाही. याच सोवळ्यामुळे कित्येकांचे संग्रह मंकीज ऑडिओ नाहीतर शॉर्टनसारख्या जुन्या साच्यांत अडकून पडले आहेत. शॉर्टन १९९०च्या दशकातला, गाणाऱ्याचं नावगाव लिहायची धड सोय नसलेला. असल्या फाइली आजचा फोन आपणहून वाजवत नाही. उद्या त्या उघडणारा प्रोग्रॅम शोधायला वणवण करावी लागेल. मोडी लिपीतले कागद शाबूत आहेत पण वाचणारा नाही, अशी गत आपण पाहतोच आहोत. वेळीच लिप्यंतर करणं हा भ्रष्टाचार नव्हे, ते कर्तव्य आहे.

माझी शिफारस फ्लॅकची. जॉश कोलसनने २००१ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती दिली, तेव्हापासून तो खुला आहे, कुणाच्या मालकीचा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आरएफसी ९६३९ म्हणून त्याचा तपशीलवार आराखडा इंटरनेटच्या मानकांत प्रसिद्ध झाला. म्हणजे उद्या सगळे प्रोग्रॅम बुडाले तरी तो कागद वाचून कुणी नवा लिहू शकेल. घरात ॲपलची यंत्रं असतील तर ॲलॅक करा. ॲपलने तो २००४ मध्ये आणला आणि २०११ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला केला. उद्या मन बदललं तर परत फ्लॅकमध्ये या, काही जाणार नाही. जगभरच्या ध्वनिसंग्रहपालांच्या आयासा या संघटनेची शिफारस वेव्हच्याच कुळातल्या साच्याची आहे, तीही किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटांत. मोठ्या संस्थांनी ती जरूर पाळावी. पण तिथे नोंदी ठेवायला वेगळी यंत्रणा असते, पगारी माणसं असतात. आपल्या मंडळात असतो एक खजिनदार आणि त्याचा भाचा!

नोंदींवरून मूळ मुद्दा आला. बिनतोटा कन्व्हर्जनमध्ये आवाज जात नाही हे खरं, पण नाव जातं. आणि हे नुकसान कुणी मोजतच नाही. फ्लॅकमध्ये राग, गायक, साथीदार, ठिकाण, तारीख हे सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरीत, हवं तितकं लिहिता येतं. तीच फाइल वेव्हमध्ये नेली की त्यातलं बरंचसं गळतं, कारण वेव्हमध्ये अशा नोंदींची सर्वमान्य पद्धत कधी रुळलीच नाही. जुन्या पद्धतीच्या एमपी३ टॅगमध्ये तर नावाला अवघी ३० अक्षरं, तीही इंग्रजीच्या मापाने. देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे ‘केसरबाई केरकर’ एवढंही त्यात मावणार नाही. मग उरतं काय? ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’, ‘न्यू फोल्डर’.

फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर अवकाशात गेली. पाठवणाऱ्यांना ऐकणारा कोण, कधी, कुठला, काहीच ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी तबकडीच्या आवरणावर ती कशी वाजवायची, कोणत्या वेगाने फिरवायची, याच्या आकृत्या कोरल्या. परग्रहावरच्या अनोळखी श्रोत्याची इतकी काळजी! आणि आपण आपल्याच नातवासाठी फाइलीवर गाणाऱ्याचं नावसुद्धा लिहीत नाही.

आता तिसरा प्रकार, सगळ्यात संतापजनक. मूळ हरवलेलं असतं, हातात एमपी३ असतो, आणि तोच फ्लॅकमध्ये घालून ‘लॉसलेस संग्रह’ म्हणून वाटला जातो. फाइल फुगते, मान वाढतो, आत तोच गोषवारा. गोषवारा स्टॅम्पपेपरवर टाइप केला म्हणून खरेदीखत होत नाही! तिन्हीसांजेला ध्वनीचा आलेख काढून पाहिला की बहुधा १६ किलोहर्ट्झच्या वर सपाट काळोख दिसतो. कॅसेटवरून आलेल्या आवाजात वरचा भाग मुळातच नसू शकतो, त्यामुळे नुसत्या आलेखावरून कुणाला चोर ठरवू नका. पण विचारा. जवळ फक्त एमपी३च असेल तर तो एमपी३ म्हणूनच जपावा, त्यात लाज काय? लाज खोट्या शिक्क्यात आहे.

खऱ्या नकलेच्या वाटेवरही खड्डे आहेत, तेही सांगतो. एम४ए असं आडनाव असलेल्या फाइलीत बिनतोटा ॲलॅक असू शकतो आणि काटछाट केलेला एएसीही. बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात. कन्व्हर्ट करताना कोणता निवडला हे न पाहता मूळ फ्लॅक पुसली की संपलं. दुसरं, कन्व्हर्टरमधल्या ‘नॉर्मलाइज’, ‘रीसॅम्पल’ असल्या खुणा काढून टाका, त्या आवाजाची मापंच बदलतात. २४ बिटांचं ध्वनिमुद्रण १६ बिटांत उतरवलं तर वर फ्लॅक लिहिलेलं असलं तरी ती नक्कल राहत नाही. आणि ताडून पाहिल्याशिवाय, दुसऱ्या डिस्कवर दुसरी प्रत ठेवल्याशिवाय मूळ पुसू नका.

जागेची सबब तर आता सांगूच नये. हजार तासांचं सीडी-दर्जाचं गाणं वेव्हमध्ये ६३५ गिगाबाइट, फ्लॅकमध्ये त्याच्या निम्म्याच्या थोडं पुढेमागे. खिशात मावणाऱ्या एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये ते आरामात बसतं. आपल्याकडे सप्ताहाच्या, जत्रेच्या एका रात्रीच्या विद्युत रोषणाईचं बिल एकदा काढून पाहा आणि मग डिस्क परवडत नाही असं म्हणा.

शेवटी, हे सगळं व्यक्तींच्या गळ्यात मारून मी मोकळा होणार नाही. सार्वजनिक पैशातून किंवा देणगीतून जिथे जिथे ‘डिजिटायझेशन’ होतं, तिथे कामाच्या आदेशात तो एकच गुळगुळीत शब्द लिहून भागणार नाही. चार ओळी हव्यात. मूळ बिनतोटा साच्यात, किमान अमुक मापाने मिळाले पाहिजे. प्रत्येक फाइलीत देवनागरीत नाव, गाव, साल हवे. पडताळणीच्या खुणांची यादी सोबत हवी. आणि मूळ फीत, तबकडी, कॅसेट परत मिळाली पाहिजे. या चार ओळी पाळल्याशिवाय बिल मंजूर करू नये. कागदावर नसलेली अट पाळली जात नाही, हे मला नोकरीतल्या इतक्या वर्षांनंतर कुणी शिकवायला नको.

दीनानाथ, मोगूबाई, केसरबाई, अभिषेकीबुवा ही नावं आपण भाषणांत छाती फुगवून घेतो. त्यांच्या कंपनीने काढलेल्या तबकड्या जगात कुठे ना कुठे जपल्या जातील. पण आपल्या वाड्यावरचा आरती म्हणणारा, सप्ताहात पहाटेचा पार धरणारा, शिमग्याला जत गाणारा माणूस कुठल्याही कंपनीच्या यादीत नाही. त्याची एकच कॅसेट आहे आणि ती तुमच्या कपाटात आहे. तिची नक्कल करायची की गोषवारा, ते तुम्ही ठरवायचं आहे. आणि कृपा करून या चवथीच्या आधी ठरवा, कारण फीत थांबत नाही.